गोल बुडाची बादली

अहो, तुमच्या तेराव्याला आलेल्या माणसांनी पाय धुतले. हात धुतले असते तर मी काही म्हटलं नसतं, गोडाचं जेवण होतं, बोटं चिकट होतात. पण तुमच्या त्या कुर्ल्याच्या मावसभावाने ड्रममधून तांब्यावर तांब्या उपसून आधी चपला धुतल्या, मग पाय धुतले, मग तोंडावर पाणी मारत मला विचारलं, "काय उकडतंय हो वहिनी, राहता तरी कशी तुम्ही इथे?" टँकर यायला अजून अवकाश होता आणि हा माणूस माझ्या देखत चपला धूत होता. तुम्ही असतात तर उलट त्याला म्हणाला असतात, "धुवा, धुवा, पाण्याला काय तोटा आहे!" तुमच्या ह्या खोट्या श्रीमंतीचा मला नेहमीच संताप यायचा. त्या दिवशी ते वाक्य ऐकायला मिळालं नाही म्हणूनही संताप आला.

खरं सांगते, ह्या जागेची मला किळस आहे. तुम्ही गेलात म्हणून मी आता काही गोड गोड बोलणार नाही. फेब्रुवारी संपला की हा माळ भाजलेल्या भाकरीसारखा होतो. दुपारी वारा सुटतो आणि सगळ्या मुरबाड तालुक्याची धूळ माझ्या आमटीत येऊन पडते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटांवर शेळ्या बसतात, त्यांच्या लेंड्या वाऱ्याने आपल्या पडवीत येतात. टँकरच्या पाण्यात एकदा मेलेली पाल निघाली. तुम्ही ती चिमट्याने उचलून टाकलीत आणि म्हणालात, "उकळून घेतलं की झालं." मी दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. आठवतंय ना?

आणि तो आपला वाद. मी म्हणायची, "ह्या वाळवंटात आणून टाकलंत मला." तुम्ही पेपरातून डोकंही वर न काढता म्हणायचात, "वाळवंट नाही, माळ आहे. वाळू कुठाय?" मी म्हणायची, "तेवढीच काय ती कसर राहिलीय." इतक्या वर्षांत हा वाद एक पाऊलही पुढे सरकला नाही. मी म्हणायची, मुंबईत आपण जन्मभर ज्या धरणांचं पाणी प्यायलो ती सगळी ह्याच बाजूला आहेत, आणि इथे आपण टँकरची वाट बघतो, ह्याला काय म्हणायचं? तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर धरणाच्या जवळ राहायला आलो!" वर स्वतःच हसायचात. मला हसू यायचं नाही.

चूक तुमची नव्हती असं मी म्हणणार नाही, चूक तुमचीच होती. प्लॉट बघायला माणूस श्रावणात जातो का? दादरहून बस सोडली होती, बटाटेवडे फुकट होते, आणि स्कीमच्या नावात दोनदा 'ग्रीन' होतं. तुम्ही परत आलात तेव्हा पँटला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता आणि हातात तेरड्याच्या फुलांचा ओला जुडगा होता. "अगं, प्लॉटमधून ओढा वाहतो, स्वतःचा ओढा!" असं म्हणत तुम्ही क्वार्टरभर नाचत होतात. तो ओढा मी पहिल्यांदा पाहिला तो मार्चमध्ये. तिथे एक चर होता आणि चरात दारूची बाटली पडली होती. स्कीमच्या कमानीवरच्या प्लास्टरच्या हंसांपैकी एकाची मान तुटून आतली सळई बाहेर आली होती. पांढरे खांब रोवलेल्या त्या अख्ख्या माळावर घरं तीन, त्यातलं एक अर्धवट. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे होतात, एखाद्या जहागीरदारासारखे.

पण मला कळत होतं. तीस-पस्तीस वर्षं मुंबईच्या अग्निशमन दलात, बंबखान्यात काढलेला माणूस, निवृत्त झाला की क्वार्टर सोडावी लागते. मुंबईत घर घेण्याची आपली ऐपत नव्हती. मिलिंदच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये सून-मुलाच्या पायात येऊन राहायचं नाही, हे तुमचं पक्कं होतं. मला मात्र डोंबिवलीच हवी होती. तिथे भाजीवाली दारात येते, नळाला पाणी येतं, खालच्या मजल्यावर बोलायला बायका असतात. तुम्हाला म्हणे शांतता हवी होती. मी म्हटलं, "स्मशानातही असते." हे वाक्य आता लिहिताना हात थांबला, पण तेव्हा बोलले ते बोलले.

आणि ती बादली! निरोप समारंभाला तुमच्या जोडीदारांनी घड्याळ दिलं नाही, शाल दिली नाही. आगीची लाल बादली दिली, तुमचं नाव पांढऱ्या रंगात घालून. गोल बुडाची. बंबखान्यातल्या बादल्या अशाच असतात, कुणी उचलून घरी नेऊ नये म्हणून, कारण ती जमिनीवर ठेवली की कलंडते. माझ्या संसारात मी इतकी निरुपयोगी वस्तू दुसरी पाहिली नाही. कपडे भिजवता येत नाहीत, फरशी पुसायला घेता येत नाही. तुम्ही दाराशेजारी खास खिळा ठोकून ती टांगलीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची गोष्ट सांगत बसलात. मी झाडताना दर वेळी डोक्याला लागायची.

पहिल्याच उन्हाळ्यात तिने आपली शोभा केली. सकाळची वेळ, वारा पडलेला, तुम्ही पडवीत आरसा टांगून दाढी करत होतात. समोर सोनाबायच्या शेतातून धूर निघाला. सोनाबाय म्हणजे आपल्या कुंपणापलीकडची शेतकरीण, तिची आणि आपली तोवर नुसती हसण्यापुरती ओळख. तुम्ही धूर बघितलात आणि तुमच्या आत कुठेतरी घंटा वाजली असणार. अर्ध्या तोंडाला फेस, कमरेला टॉवेल, आणि "आग! आग!" करत तुम्ही बादली खिळ्यावरून ओढलीत. मीही मेली बंबखान्यात संसार केलेली, मला तरी काय सुचणार? आदल्या दिवशीच टँकरने भरून दिलेल्या टाकीवर मी उभी राहिले, घरातली सगळी भांडी, पातेली, कळशा भरभरून तुमच्या हातात देत राहिले, आणि तुम्ही धावत राहिलात. सोनाबाय शेताच्या त्या टोकाच्या झाडाखालून हात उंचावत, ओरडत येताना दिसली.

"घाबरू नका बाई! मागे व्हा!" तुम्ही तिला हुकूम सोडलात.

"ओ सायेब, ओतू नका! आग लागली नाय, आमी लावलीय!"

तोवर काम झालं होतं. तुम्ही विझवायला घेतलेली आग कधी विझल्याशिवाय राहिली आहे का? सोनाबाय त्या काळ्या चिखलाकडे बघत मटकन खाली बसली. "राब इझवला हो माजा," म्हणाली. "म्हैनाभर डोक्यावरनं पाला वाहिला मी. सगला भिजवला तुमी. आता रोप काय तुमच्या अंगनात टाकू?" तेव्हा आपल्याला कळलं की इकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत अंथरून, वर माती टाकून ती जागा भाजून काढतात. त्याला राब म्हणतात. अर्धवट भाजलेल्या जागेत भातापेक्षा तणच जास्त माजतं. तुम्ही तिथे उभे, टॉवेलमध्ये, गालावरचा फेस वाळून पापुद्रे आलेले. मला लाजेने जमिनीत शिरावंसं वाटलं. जमीन इतकी कडक होती की तीही सोय नव्हती.

दुसरा कुणी असता तर माफी मागून घरात बसला असता. तुम्ही दुसऱ्या दिवशी जुनी खाकी पँट चढवून तिच्या मागोमाग रानात गेलात. पाल्याचे भारे डोक्यावर, शेणाच्या पाट्या डोक्यावर. अख्खी वाडी बघायला लोटली होती, मुंबईचा साहेब शेण वाहतोय म्हणून. मला इतकी शिसारी आली होती तुमची! कारण आंघोळीला पाणी कुठलं? पाणी तर आपण सोनाबायच्या राबावर ओतलं होतं. टँकर येईपर्यंत तुम्ही तसेच, शेणाच्या वासासकट, रात्री पलंगावर. मी उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपले. पुन्हा राब लागला तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी उभे राहिलात, बादली भरून, हातात धरून. "नियंत्रणाखाली असली तरी आग ती आग," असं तिला समजावत होतात. ती पदराआड हसत होती.

त्यानंतर तिने रिवाजच पाडला. दर वर्षी राब भाजायच्या आदल्या दिवशी कुंपणाशी येऊन ओरडायची, "वैनी, दादांना सांगा, उंद्या राब हाय आमचा. धावत येऊ नका म्हनावं!" आणि तुम्ही दर वर्षी बादली भरून जायचातच. साहेबाचे दादा कधी झालात ते मला कळलं नाही. मला म्हणायची, "वैनी, आमच्या राबाला सरकारी मानूस असतोय उभा." मला ह्या सगळ्याचा वैताग यायचा. एक बादली पाणी म्हणजे माझी अख्ख्या दिवसाची भांडी.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती आता सांगते. क्वार्टरमध्ये असताना घंटा वाजली की तुम्ही जिना उतरून जायचात आणि तुम्ही परत येईपर्यंत मी जागी. मिलिंद लहान असल्यापासून हेच. घंटा नाही वाजली तरी ती वाजेल म्हणून जागी. माझं लग्न झालं तेव्हापासून सलग झोप कशी असते ते मला माहीत नव्हतं. ह्या माळावर आल्यावर पहिल्या आठवड्यात मी एकदा झोपले ती थेट ऊन तोंडावर आल्यावर उठले. तुम्ही चहा करून ठेवला होता, कपावर बशी झाकून. त्या दिवशीही मी उठून पहिलं काय म्हटलं? "खिडकीला पडदा नाही ह्या घराच्या." त्यानंतर मी इथे रोज तशीच झोपले, आणि रोज सकाळी उठून तक्रार केली. तुम्हाला ते दिसत होतं असं मला आता वाटतं, म्हणून माझ्या तक्रारीला तुम्ही कधी चिडला नाहीत. त्याचेही उपकार म्हणायचे की काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मला झोप मिळाली एवढं खरं.

तुम्ही गेलात त्या सकाळी आपण अंगणातल्या चिकूच्या कलमावरून भांडलो. मी म्हटलं, मेलाय तो, भांड्यांचं पाणी त्या काटकीला घालून वाया घालवू नका. तुम्ही म्हणालात, "झोपलाय." तुमची आंब्याची दोन कलमं अशीच झोपली होती, ती सरपणाला गेली. दुपारी जेवून पडवीतल्या खाटेवर आडवे झालात. "चहा टाकलास की हाक मार," म्हणालात. मी चहा टाकला. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा चिडून मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, कपबशी हातात घेऊन बाहेर आले. चिकू मेलेलाच आहे अहो. तेवढं माझं बरोबर होतं.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी मिलिंद घर दाखवायला एका गृहस्थांना घेऊन आला. आसनगावला उतरून जीप करून आले होते. ठाण्याचे, पांढरे कपडे, मोबाइल हातात घेऊन रेंज शोधत पडवीभर फिरत होते. मी मिलिंदला दोष देत नाही. आई एकटी माळावर कशी राहील, ह्या काळजीने त्याचं तोंड सुकलं होतं. त्याने मला आधीच सांगितलं होतं, "आई, तूच म्हणायचीस ना, बाबांच्या नंतर एक दिवस राहणार नाही म्हणून?" म्हणायची खरी. तुमच्या तोंडावर म्हणायची. म्हणून मी चहा करायला आत गेले. घर विकलं की डोंबिवली, नळ, भाजीवाली. जन्मभर मागितलं ते दारात येऊन उभं होतं, आणि चहात साखर किती घालायची ते मला सुचेना.

गृहस्थांनी विचारलं, "पाण्याचं कसं?"

मिलिंद म्हणाला, "बोअर मारता येईल."

"दोन मारल्या," मी आतून म्हटलं. "दोन्हीतून धूळ आली."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी चहा बाहेर आणला आणि मग, अहो, माझं तोंड जे सुटलं! मी त्यांना धूळ सांगितली. लेंड्या सांगितल्या. टँकरमधली पाल सांगितली, तिची लांबी बोटाने दाखवली. विंचू पावसाळ्याआधी निघतात आणि साप पावसाळ्यात, असं सांगितलं. डॉक्टर मुरबाडला, आणि संध्याकाळी जीप मिळाली तर मिळाली. तुमच्याशी इतकी वर्षं भांडताना जे जे तुम्हाला ऐकवलं ते सगळं त्या माणसापुढे ओळीने मांडलं. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि रुमालाने कपाळ पुसत मिलिंदला म्हणाले, "अहो, हे तर वाळवंट आहे!"

"वाळवंट नाही," मी म्हटलं. "माळ आहे. वाळू कुठाय?"

मिलिंद एकदम खाली बघायला लागला. लहानपणी ओरडा खाल्ल्यावर बसायचा तसा मान घालून बसला होता. त्याने हे वाक्य तुमच्या तोंडून दर सुट्टीला ऐकलं होतं. मला स्वतःलाच माझा राग आला, इतकी वर्षं चालवलेला वाद मी एका परक्या माणसापुढे हरले म्हणून. पण ह्या जागेला वाळवंट म्हणायचा हक्क माझा आहे, त्या पांढऱ्या कपड्यांचा नाही. आपण इथे जळत काढलेत उन्हाळे.

ते कळवतो म्हणून गेले. मिलिंद त्यांना जीपपर्यंत सोडून आला आणि म्हणाला, "आई, मुद्दाम केलंस तू." मी म्हटलं, "खोटं काय सांगितलं ते दाखव."

उन्हं उतरल्यावर सोनाबाय कुंपणाशी आली. ह्या वर्षी ओरडली नाही. फाटकातून आत आली, पायरीवर बसली. "सगल्यांचे राब भाजून झाले वैनी," म्हणाली. "आमचाच राहिलाय. दादा गेले, तुमचं सुतक व्हतं, कसं लावू? म्हनून थांबलो." मग थोडा वेळ खिळ्यावरच्या बादलीकडे बघत राहिली. "उंद्या लावू ना? सांगायला आले."

"लावा," मी म्हटलं.

सकाळी वारा नव्हता. मी बादली खिळ्यावरून काढली. भरली. मिलिंद झोपेतून उठून दारात आला होता, त्याने पुढे होऊन मला फाटक उघडून दिलं, बंबखान्यातच वाढलाय तो. सोनाबायने एका कडेने राब लावला. माती वर असल्याने ज्वाळा नसतात, नुसता धूर सरकत जातो, आणि तो इतका घाण वासाचा असतो की डोळ्यांतून पाणी येतं. मी तुमच्या जागी उभी राहिले. तुम्ही नक्की कुठे उभे राहायचात ते मला माहीत होतं, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दर वर्षी मी बघत होते आणि शिव्या देत होते. हात भरून आला. सोनाबाय म्हणाली, "ठेवा ना वैनी ती खाली. किती वेल धरून ऱ्हानार?"

"ठेवता येत नाही," मी सांगितलं. "कलंडते."

मग राब पुरता भाजेपर्यंत मी ती धरून उभी राहिले, एकदा ह्या हातात, एकदा त्या हातात. रडले. धूर होताच, कुणाला काही सांगावं लागलं नाही. आग कुठे भडकली नाही. पाणी आहे तसं परत आणून टाकीत ओतलं आणि बादली खिळ्याला लावली. मिलिंदने विचारलं, "आई, मग डोंबिवलीला कधी निघायचं?"

मी म्हटलं, "शुक्रवारी टँकर येणार आहे. घरात कुणीतरी पाहिजे."